आपल्या पाटाचं पाणी येतं कुठून? भंडारदऱ्याची सहल आणि इतिहास



यंदा संक्रांतीच्या आधीच्या बैठकीत आमच्या गटात एकच विषय गाजला, तो म्हणजे सहल. गटाला दहा वर्षं झाली, एक दिवस कुठंतरी जाऊन यावं, असं सगळ्यांचं म्हणणं. कुणी शिर्डी म्हणालं, कुणी महाबळेश्वर. माझ्या सासूबाई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मला ते धरण दाखवा बाई, जिथून आपल्या पाटाला पाणी येतं. सगळा जन्म पाटावर धुणं धुतलं, पण ते पाणी निघतं कुठून ते काही पाहिलं नाही.”

आधी सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या. कारण आमच्यापैकी दोघी सोडल्या तर कुणीच ते पाहिलेलं नव्हतं.

आमचं गाव प्रवरेच्या कालव्यावरचं. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, टेलपर्यंत पाणी पोचणार का, यावर आमच्या घरातलं सगळं ठरतं. मुलीचं लग्न कधी, गटाचा हप्ता कधी, तेही. तरी ज्या धरणावर हे सगळं अवलंबून, ते आम्ही फक्त बातम्यांत ऐकलेलं. म्हणून ठरलं, भंडारदऱ्याला जायचं. तिथं काय पाहिलं, आणि आल्यावर त्याचा इतिहास वाचून काय कळलं, ते आज तुम्हाला सांगते.

भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. विदर्भातलं अकोला ते वेगळं. आम्ही पहाटे निघालो. संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडी गावात पोचलो. मुंबई-नाशिकची माणसं इगतपुरी-घोटीकडून येतात. राजूर सोडलं की ऊस दिसेनासा होतो, डोंगर जवळ येतात, भाताची खाचरं दिसू लागतात. एका वळणावर एकदम पाणी दिसलं. निळं, लांबलचक, चारी बाजूंनी डोंगर. गाडीत एकच गलका झाला.

सासूबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, “एवढं पाणी!”

आता या पाण्याची गोष्ट. १८७६-७७ साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. माणसं आणि जनावरं तडफडून मेली. पुढं १८९९-१९०० मध्ये पुन्हा तेच झालं. इंग्रज सरकारनं १९०१ मध्ये सिंचनासाठी आयोग नेमला. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो, तो अडवून खालच्या कोरड्या मुलखात कालव्यानं न्यायचा, हा विचार त्यातून पुढं आला. प्रवरेवर भंडारदऱ्याला जागा निवडली. १९१० मध्ये काम सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ ला मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. म्हणून त्याला विल्सन धरण म्हणतात आणि तलावाला आर्थर लेक.

भिंत ८२ मीटर उंच आहे, म्हणजे पंचवीस मजल्यांहून जास्त. लांबी अर्धा किलोमीटर. सगळं दगडी बांधकाम. त्या काळी देशातल्या उंच धरणांत त्याची गणना होत होती. त्यात ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावतं. पावसाळ्यात “भंडारदरा भरलं” अशी बातमी येते ना, ती या आकड्याची. ती आली की आमच्याकडं पेढे वाटतात.

भिंतीखाली उभं राहिल्यावर माझ्या मनात आलं, हे दगड वाहिले कुणी? त्या काळातल्या दुष्काळी कामांवर आणि धरणाच्या कामांवर बायका पाट्या वाहत होत्या. दुष्काळी कामावर बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी ठरवलेली असायची. धरणाला नाव लागलं गव्हर्नरसाहेबांचं. पाट्या वाहणाऱ्या बायकांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

धरणाच्या पायथ्याशी बाग आहे. भिंतीतून पाणी सोडलं की खालच्या गोल खडकावरून ते छत्रीसारखं पसरून पडतं. त्याला छत्री धबधबा म्हणतात, अंब्रेला फॉल. तो बारमाही नाही, पाणी सोडलं तरच दिसतो. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा आणि खडकावर चढू नका, फार निसरडं असतं.

तिथून आम्ही तलावाच्या कडेकडेनं रतनवाडीला गेलो. होडीनंही जाता येतं, पण आमच्यातल्या निम्म्या जणी होडीला घाबरल्या. रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे. काळ्या दगडाचं, हजारएक वर्षांपूर्वीचं, शिलाहारांच्या काळातलं मानतात. खांबांवर, भिंतींवर इतकं बारीक कोरीव काम, की आमची विणकाम करणारी मैत्रीण अर्धा तास एका खांबापुढून हलेना. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्यात असते. जवळच दगडी पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. मागं रतनगड उभा. त्याच्या माथ्यावर आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात, सुईच्या नेढ्यासारखं. या रतनगडावरच प्रवरा उगम पावते. तिला लोक अमृतवाहिनी म्हणतात.

दुपारी देवळाजवळ एका घरात जेवायला बसलो. नाचणीची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी, भात. ताटाचे शंभर रुपये. आमच्यातली एक जण घासाघीस करायला लागली. “एवढ्या जणी आहोत, ऐंशी लावा ना.” मीही मध्ये पडले नाही. खरं सांगते, मलाही वाटलं होतं की कमी होत असतील तर बरं.

त्या घरच्या मावशी साठीच्या असतील. त्यांनी विचारलं, “कुठल्या गं तुम्ही?” आम्ही गाव सांगितलं. “म्हणजे पाटाखालच्या,” त्या म्हणाल्या. मग तलावाकडं बोट करून म्हणाल्या, “आमच्या आजेसासऱ्यांची खाचरं तिथं होती, पाण्याच्या आत. ते पाणी तुमच्याकडं जातं. आम्हाला चैत्र-वैशाखात हंडा घेऊन विहिरीवर उतरावं लागतं.”

त्या रागानं बोलल्या नाहीत. भाकरी थापता थापता सहज बोलल्या. पण आमच्या तोंडातला घास तिथंच राहिला. ज्या मुलखात एवढा पाऊस पडतो, तिथल्या वाड्या-पाड्यांवरच्या बायकांना उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पाऊस पडतो, उतारावरून वाहून जातो, तळ्यात साठतो आणि कालव्यानं पुढं जातो. उंचावरच्या वाडीला ते पाणी डोळ्यांना दिसतं, हंड्यात येत नाही.

सासूबाई उठल्या. कमरेची पिशवी सोडली आणि सगळ्यांच्या ताटांचे शंभराच्या हिशोबानं पैसे मावशींच्या हातात ठेवले. आम्हाला म्हणाल्या, “घरी गेल्यावर मला द्या.” घासाघीस करणारी माझी मैत्रीण गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही.

मैत्रिणींनो, या पाण्यानं आमच्याकडं काय केलं तेही सांगायला हवं. कालवे आले, ऊस आला. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शाळा, कॉलेजं, दवाखाने आले. माझं बी.ए. झालं तेही याच पाण्याच्या उसावर, वडिलांनी फी भरली ती कारखान्याच्या बिलातून. म्हणजे धरण वाईट होतं असं मी म्हणत नाही. कुणाच्या तरी खाचरांवर आपली समृद्धी उभी आहे, एवढं आपल्याला माहीत असावं, असं म्हणते.

परत येताना या भागातल्या आणखी दोन-तीन गोष्टी कळल्या, त्या आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, राघोजी भांगरे यांची. अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले. सावकार अवाच्या सव्वा व्याज लावून आदिवासींच्या जमिनी घेत होते आणि इंग्रज सरकार सावकारांच्या बाजूला होतं. राघोजींनी त्याविरुद्ध बंड केलं. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. आपण गटात दोन टक्के व्याजावर भांडतो, कर्जाचा कागद वाचल्याशिवाय अंगठा करू नका म्हणून एकमेकींना बजावतो. कागद वाचता न आल्यानं काय होतं, हे या डोंगरांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी पाहिलं आहे.

दुसरी, कळसूबाईची. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. शेंडीपासून जवळ बारी गावातून वाट आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. आम्हाला वेळ नव्हता, पायथ्यावरूनच हात जोडले. तिची दंतकथा तिथं सांगतात. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. तिची अट होती, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एकदा तिला ती कामं करायला लावली, तेव्हा ती घर सोडून डोंगरावर गेली ती परतलीच नाही. रतनगडावरची रतनाबाई आणि शेजारची कात्राबाई या तिच्या बहिणी, असंही म्हणतात. सरकारनं धरणाला आणि तळ्याला साहेबांची नावं दिली. लोकांनी मात्र डोंगरांना बायांची नावं दिली.

तिसरी, राहीबाई पोपेरे यांची. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या. शाळेत गेल्या नाहीत, पण भात, वाल, भाज्यांची गावठी बियाणी त्यांनी घरात जपली आणि बियाणं बँक उभी केली. परिसरातल्या बायकांना सोबत घेतलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पर्यटक तळं बघतात आणि परत जातात. या तालुक्यातलं मोठं धन अशा बायकांच्या मडक्यांत आणि कणग्यांत आहे.

शेवटी आम्ही रंधा धबधब्यावर थांबलो. तिथं प्रवरा खोल घळीत कोसळते. आवर्तन चालू होतं, म्हणून पाणी होतं. सासूबाई कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “हेच चार दिसांनी आपल्याकडं येईल, नाही का?”

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत हवा छान असते, तलावही भरलेला असतो. पावसाळा देखणा, पण घाटात धुकं असतं आणि पाऊस भयंकर. मेअखेर ते जूनमध्ये, पावसाच्या तोंडाशी, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लागतात. रात्री झाडच्या झाड लुकलुकतं. पण आता तिथं फार गर्दी होते. गाड्यांचे दिवे, गाणी, आणि पायाखाली चिरडलेले काजवे. गेलात तर वनखात्याचे नियम पाळा, बॅटरीचा झोत झाडावर मारू नका आणि गवतात शिरू नका. तलावात पोहायला उतरू नका. प्लास्टिक परत आणा. तिथलं पाणी आपल्याच हंड्यात येणार आहे.

आणि जेवण, मुक्काम, वाटाड्या, हे शक्यतो गावातल्या घरी घ्या. मोठ्या हॉटेलात दिलेला पैसा वाडीत उतरतोच असं नाही.

सहलीनंतरच्या बैठकीत आम्ही हिशोब मांडला. त्यात एक नवीन ओळ टाकली. दरवर्षी दिवाळीनंतर नवा भात आला की रतनवाडीच्या त्या मावशींकडून आणि त्यांच्या शेजारणींकडून गटासाठी तांदूळ, नाचणी आणि खुरासणी घ्यायची, त्या सांगतील त्या भावानं. ठराव मांडला ऐंशी रुपये म्हणणाऱ्या मैत्रिणीनं. सासूबाईंनी अनुमोदन दिलं, आणि ताटांचे पैसे अजून तिघींकडून यायचे आहेत, तेही सांगितलं.

तुमच्या गावचं पाणी कुठल्या धरणातून येतं, कुठल्या विहिरीतून, कुठल्या डोंगरावरून? पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा. आणि सहल काढायचीच असेल, तर एकदा तिकडे काढा.