डफल बॅगेची कुळकथा

नागपूरच्या सीताबर्डीवर प्रवासी सामानाच्या दुकानांतून ‘डफल बॅग’ या नावाने जी लांबट, मऊ अंगाची, माथ्यावर आडवी चेन आणि दोन्ही बाजूंना पट्टे असलेली पिशवी विकली जाते, तिच्या नावाचा तिच्या आजच्या कापडाशी कोणताही संबंध उरलेला नाही. हे नाव मुळात एका गावाचे होते. गावावरून ते तिथे विणल्या जाणाऱ्या कापडाला मिळाले, कापडावरून सामानाला आणि सामानावरून पिशवीला लागले. या प्रवासात नावाने कापडाची खूण गमावली आणि ते केवळ आकाराचे नाव होऊन राहिले. विमानात सोबत नेता येईल अशी टिकाऊ डफल बॅग निवडू पाहणाऱ्या ग्राहकासमोरची खरी अडचण इथेच आहे, कारण नाव ज्या गुणाची हमी एके काळी देत होते, त्या गुणाची खात्री आता त्याला स्वतःच करून घ्यावी लागते. म्हणून ही कुळकथा कापडापासूनच सांगावी लागते.

डफल हे बेल्जियममधील अँटवर्प प्रांतातले, नेटे नदीच्या काठी वसलेले गाव. तिथे विणले जाणारे जाड, खरखरीत लोकरी कापड सतराव्या शतकात इंग्रजीत गावाच्याच नावाने ओळखले जाऊ लागले होते, आणि उत्तर अमेरिकेत तेथील मूळ रहिवाशांशी चालणाऱ्या फरच्या व्यापारातही ते विनिमयाचा माल म्हणून वापरले जात असे. गावाचे नाव कापडाला लागण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी नाही. मुंबईच्या डोंगरी भागावरून तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाला ‘डुंगरी’ म्हणत, आणि त्यावरूनच इंग्रजीत ‘डंगरी’ हा शब्द रूढ होऊन पुढे तो त्या कापडाच्या कामकरी पोशाखाला लागला. कालिकतवरून ‘कॅलिको’ झाले, तेही याच मार्गाने. डोंगरीचे कापड अंगावरचा पोशाख झाले आणि डफलचे कापड सामानाची पिशवी झाले, एवढाच या दोन नावांच्या प्रवासातला फरक.

कापडापासून पिशवीपर्यंतचा टप्पा अमेरिकेत पडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रानावनात मुक्कामाला जाणारे लोक बरोबरच्या कपड्यालत्त्याला आणि एकूण सामानालाच ‘डफल’ म्हणू लागले होते, आणि ते सामान जिच्यात भरायचे ती ‘डफल बॅग’ हे नाव पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सैनिकांच्या तोंडी रुळले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकाची जी डफल बॅग सर्वत्र दिसू लागली, ती मात्र लोकरीची नव्हती. ती जाड सुती कॅनव्हासची होती. उभ्या नळकांड्याच्या आकाराची ती पिशवी वरच्या एकाच तोंडाने उघडत असे आणि ते तोंड धातूच्या कड्यांतून आवळून बंद करता येत असे. नागपूरच्या परिसरात याच जातीच्या पिशवीला ‘किट बॅग’ म्हणतात, आणि 1821 साली वसलेल्या कामठीच्या छावणीमुळे हा शब्द इथल्या लोकांना दीर्घकाळ परिचयाचा आहे.

पिशवीचे नाव परके असले तरी तिची कल्पना परकी नाही. मऊ, घडी होणारे आणि भरलेल्या वस्तूंचा आकार घेणारे सामानाचे साधन या भूमीत फार जुने आहे, आणि ते कोणाच्या अंगावर लादायचे यावरून त्याची नावे ठरलेली दिसतात. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना समतोल लादली जाई ती गोण. बंजाऱ्यांचे तांडे अशाच गोणींतून धान्य आणि मीठ देशभर वाहून नेत, आणि वऱ्हाड व नागपूरचा मुलूखही त्यांच्या वाटांवर होता. ‘गोणी’ हा शब्द पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘आवपन’, म्हणजे ज्यात धान्य ओतून ठेवतात ते साधन, या अर्थाने सिद्ध केलेला आहे, आणि तागाच्या पोत्याला इंग्रजीत असलेला ‘गनी’ हा शब्द याच गोणीपासून आलेला आहे. घोड्याच्या पाठीवर टाकायची दुतोंडी थैली ती खुर्जी. हा शब्द फारसीतून आला. माणसाच्या खांद्यावर, एक कप्पा पुढे आणि एक मागे अशी लोंबती टाकायची ती पडशी.

सामानाचे हे जग मराठी वाक्प्रचारांतही जिवंत आहे. ‘गाशा गुंडाळणे’ यातला गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचे आच्छादन, आणि ते गुंडाळले म्हणजे मुक्काम हलला. ‘चंबूगबाळे आवरणे’ यातला चंबू म्हणजे प्रवासात बरोबर बाळगायचे अरुंद गळ्याचे पाण्याचे भांडे, आणि गबाळे म्हणजे उरलेल्या किरकोळ वस्तूंचे गाठोडे. या दोन्ही वाक्प्रचारांत गुंडाळता आणि आवरता येणे हाच सामानाचा गुण गृहीत धरलेला आहे, आणि तोच डफल बॅगेचाही मूळ गुण आहे.

तरीही मधल्या काळात नागपूरच्या प्रवाशाने मऊ सामानाची साथ बरीचशी सोडली, आणि त्याला कारण रेल्वे झाली. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळकडून नागपूरपर्यंत आला. हिंगणघाटचा नामांकित कापूस दाबलेल्या गाठींच्या रूपाने मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला, आणि या कापसाच्या मुलखातच सूत व कापड निघावे या हेतूने जमशेदजी टाटांनी उभारलेली एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू झाली. रेल्वेने प्रवाशाच्या सामानाचीही रीत बदलली. मालाची ने-आण डब्यातून होऊ लागली आणि स्थानकावर हमाल उपलब्ध झाला, तेव्हा सामान हलके असण्याची निकड उरली नाही. पत्र्याची ट्रंक आणि तिच्याबरोबर होल्डॉल ही जोडी प्रवासाची खूण झाली. होल्डॉल म्हणजे कॅनव्हासचा लांब पट, ज्याच्या दोन्ही टोकांना खिसे असत, मधोमध गादी, चादर आणि उशी घालून तो गुंडाळला जाई आणि कातडी पट्ट्यांनी आवळला जाई. मराठीतल्या जुन्या वळकटीचेच हे शिवून तयार केलेले रूप. ट्रंक हमालाच्या डोक्यावर आणि होल्डॉल त्याच्या खांद्यावर असल्यामुळे सामानाचे वजन हा मालकाचा प्रश्नच राहिला नव्हता.

होल्डॉलची गरज कमी होण्यामागे एका मराठी नेत्याचा निर्णय आहे. 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री असलेले मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानांतील लाकडी बाकांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्यास सुरुवात केली. तोवर सामान्य प्रवाशाला रात्रभर फळीवर पडून जायचे असल्याने गादी बरोबर नेणे भागच होते. बाकच मऊ झाल्यावर गादी घरी राहू शकली आणि वळकटीला आधार देणारे कारणच नाहीसे झाले. सामान्य माणसाच्या पाठीचा विचार करून घेतलेल्या या निर्णयाने त्याच्या खांद्यावरचे ओझेही कमी केले. एका माणसाचे कपडे एका पिशवीत मावू लागले, ती पिशवी हमालावाचून स्वतः उचलता येऊ लागली, आणि पडशीची जागा घेणारी मऊ पिशवी पुन्हा प्रवाशाच्या खांद्यावर आली.

ही पिशवी सैनिकी डफलसारखी उभी मात्र नव्हती, आणि त्याचे श्रेय चेनला आहे. व्हिटकॉम्ब जडसन या अमेरिकी संशोधकाने 1893 मध्ये सरकत्या बंधाची पहिली कल्पना पुढे आणली, गिडियन सुंडबॅक यांनी ती सुधारून 1917 मध्ये आजच्या स्वरूपाचे पेटंट मिळवले, आणि ‘झिपर’ हे नाव 1923 मध्ये गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांसाठी प्रचारात आणले. मराठी बोलीत तिला सर्रास ‘चेन’ म्हणतात आणि तिच्यावरून सरकणाऱ्या तुकड्याला ‘रनर’. उभ्या पिशवीत तळाची वस्तू काढण्यासाठी सगळे सामान उपसावे लागे; चेनमुळे पिशवीचे तोंड तिच्या टोकावरून लांबीवर आले, पिशवी आडवी झाली आणि एका नजरेत सगळी उघडू लागली. मात्र याच बदलाने पिशवीचा सर्वांत नाजूक भाग तिच्या सर्वांत ताणाच्या जागी नेऊन बसवला, आणि टिकाऊपणाचा प्रश्न कापडाइतकाच चेनचाही झाला.

विमानप्रवासाने या कुळाला शेवटचे वळण दिले, आणि त्यात नागपूरला स्वतःचे स्थान आहे. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावरील स्थानामुळे नागपूरला मिळालेल्या या कामात सारा खेळ मापात बसणाऱ्या आणि हाताने उचलता येणाऱ्या थैल्यांचा होता. विमानात वजन मोजूनच चढते हा नियम आज प्रत्येक प्रवाशाला लागू आहे: देशांतर्गत उड्डाणांत इकॉनॉमी वर्गाच्या प्रवाशाला साधारणपणे 7 किलोपर्यंतची एक केबिन बॅग नेता येते, आणि तिची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज बहुधा 115 सेंटीमीटरपर्यंत चालते. 55, 35 आणि 25 सेंटीमीटर अशी मापे धरली तर बेरीज नेमकी 115 होते आणि आतली जागा सुमारे 48 लिटर भरते. चाकांची कडक केबिन बॅग रिकामीच अडीच ते तीन किलोची असू शकते, म्हणजे मुभेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक तिच्यातच जातो. साधी डफल एक किलोच्या आसपास असते आणि उरलेले वजन प्रवाशाच्या वस्तूंना मिळते.

हलकेपणा आणि मजबुती एकत्र आणण्याचे काम कृत्रिम धाग्याने केले. ‘कॅनव्हास’ हा शब्द लॅटिन ‘कॅनाबिस’वरून, म्हणजे भांगेच्या झाडाच्या वाखावरून आला असला, तरी पुढे कॅनव्हास सुती झाला; तो घर्षणाला दणकट, पण जड आणि पाणी पिणारा. ड्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी 1935 मध्ये नायलॉन तयार केले, आणि दुसऱ्या महायुद्धात संरक्षक जाकिटांसाठी विणलेले ‘बॅलिस्टिक’ नायलॉन पुढे प्रवासी सामानाकडे वळले. अशा कापडाच्या धाग्याची जाडी ‘डेनियर’ या एककात सांगतात. 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनियर, आणि हे एकक मुळात रेशमाच्या व्यापारातले आहे. मात्र डेनियरचा आकडा मजबुतीचा नसून जाडीचा आहे, म्हणून 600 डेनियरचे पॉलिस्टर आणि 840 डेनियरचे नायलॉन यांची तुलना निव्वळ आकड्यांवरून करता येत नाही. समान जाडीत नायलॉन घर्षण अधिक सोसते, तर पॉलिस्टर ऊन अधिक सोसते, आणि मे महिन्यात 45 अंशांच्या वर जाणाऱ्या नागपूरच्या उन्हात दुसरा गुणही लक्षात घ्यावा लागतो. कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवण्यासाठी दिलेला पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत वर्षानुवर्षे बंद राहिल्यास चिकट होऊन सुटू लागतो, त्यामुळे पावसाळ्यात अशी बॅग प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकण्यापेक्षा हवेशीर जागी ठेवणे हिताचे असते.

कापडानंतर शिवण पाहावी लागते, कारण डफल बॅग बहुधा अंगात फाटत नाही, ती सांध्यांत उसवते. पट्टा पिशवीच्या अंगाला जिथे जोडला आहे तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी दाट शिवण असावी. त्याहून चांगले म्हणजे उचलण्याचे पट्टे दोन्ही बाजूंनी तळाखालून फिरून आलेले असावेत, म्हणजे भार कापडाच्या एका बिंदूवर न येता पट्ट्यावरच राहतो. आतल्या कडा उघड्या आणि सुटे धागे दिसणाऱ्या नसाव्यात, त्यांवर पट्टी शिवलेली असावी. चेनच्या मापाचा आकडा, उदाहरणार्थ 5, 8 किंवा 10, हा बंद चेनच्या दातांची मिलिमीटरमधील अंदाजे रुंदी सांगतो. मुख्य तोंडासाठी 8 किंवा 10 हे माप भरवशाचे, आणि 5 हे आतल्या खिशांना पुरेसे. ठासून भरलेल्या पिशवीची चेन ओढताना सारा ताण रनरवर येतो, आणि तो सैल झाला की दात बंद होईनासे होतात.

टिकाऊपणाचे अखेरचे लक्षण दुरुस्ती हे आहे. रस्त्याच्या कडेला शिलाई यंत्र घेऊन बसणारा कारागीर रनर बदलून, पट्टा पुन्हा शिवून किंवा नवी चेन लावून मऊ पिशवीला आणखी काही वर्षांचे आयुष्य देऊ शकतो. कडक बॅगेचे कवच तडकले तर त्याच्या हातात फारसे काही उरत नाही. म्हणून बॅग घेताना ती पूर्ण उलटी करून आतली शिवण दिसते का, चेन उसवून नवी बसवता येईल का, आणि पट्ट्याच्या कड्या धातूच्या आहेत का, हे पाहिले पाहिजे. डफल या नावाने एके काळी जाड लोकरी वीण सांगितली जात असे आणि घेणाऱ्याला तेवढे पुरत असे. आज तेच नाव कोणत्याही कापडाच्या लांबट पिशवीवर लागते, म्हणून डफल गावच्या विणकराने जी खात्री कापडातच विणून ठेवली होती, ती ग्राहकाला दुकानाच्या उजेडात, स्वतःच्या बोटांनी शिवण चाचपून मिळवावी लागते.