एका काडीची गोष्ट

भोरच्या एका मित्राने परवा विचारलं, "काय रे, परसात द्राक्ष लावायचं तर बी पेरायचं की काडी लावायची?" उत्तर एका शब्दाचं आहे. काडी. पण त्या काडीचा इतिहास बघत बसलो आणि अख्खा शनिवार गेला.

मंडईत 'थॉमसन' म्हणून जे द्राक्ष मिळतं, त्यातला थॉम्पसन खराच होता. विल्यम थॉम्पसन, राहणार कॅलिफोर्निया. 1872 साली त्याने न्यूयॉर्कच्या एका रोपवाटिकेतून काड्या मागवल्या, त्यातली एकच जगली. जात मूळची इराण-तुर्कस्तानकडची, म्हणजे आपल्या बेदाण्याचीच. आता जिला बीच नाही ती पेरणार कशी? म्हणून शेकडो वर्षं माणसं काडी कापून पुढच्याला देत आली. आणि काडीपासून वाढलेली वेल ही मूळ वेलीची लेक नसते, तीच वेल असते. चक्क कॉपी-पेस्ट!

पण कॉपी करताना क्वचित बग येतो. एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो आणि त्या फांदीला वेगळे मणी लागतात. मला सगळ्यात भारी वाटतं ते इथून पुढचं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वेंनी थॉम्पसनच्या बागेत अशी वेगळी वेल हेरली. तिच्या काड्या लावल्या, वाटल्या आणि 'तास-ए-गणेश' ही जात झाली. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळ्यांनी असंच केलं. सोलापूर, नान्नज, काळे मिळून 'सोनाका'! काळ्या द्राक्षातली 'शरद सीडलेस'सुद्धा त्यांचीच. दोघेही शेतकरी. रोज बागेत फिरणारा माणूसच हा बग पकडू शकतो (आमच्या टेस्टिंग टीमने नोंद घ्यावी :-)). त्या पट्ट्यात श्री. अ. दाभोलकर या गणिताच्या प्राध्यापकांचा 'प्रयोग परिवार' शेतकऱ्यांना हेच निरीक्षण शिकवत होता.

हे सगळं झालं कारण काडी हातोहात फिरत होती. आता परदेशी कंपन्यांच्या नव्या जाती लायसन्सवर येतात. रोपाची रॉयल्टी भरायची आणि काडी शेजाऱ्याला द्यायची नाही. 2001 च्या आपल्या कायद्यात शेतकऱ्याला बियाणं राखायचा, वाटायचा हक्क आहे, पण करारावर सही केली की गोष्ट वेगळी. संशोधनाला पैसे लागतात हे मान्य. तरी पुढच्या आर्वेंना वेगळी फांदी दिसली तर ती कोणाची, हा प्रश्न मला छळतो.

असो. मित्राच्या काडीकडे येऊ. ऑक्टोबर छाटणीत पेन्सिलीएवढ्या जाड, पिकलेल्या काड्या फेकल्याच जातात. इंदापूर, बारामती किंवा नारायणगावच्या बागायतदाराकडून तास-ए-गणेशची मागून घ्यायची. तीन-चार डोळे ठेवायचे, खालचा काप डोळ्याच्या जरा खाली तिरका, वरचा सरळ. दोन डोळे मातीत. उलटी लावली तर रुजत नाही, म्हणून तर कापात फरक ठेवायचा.

दुष्काळी भागात टेक्सासच्या रानटी 'डॉगरिज' खुंटावर कलम करतात, कारण तिथलं पाणी खारट आणि कमी. भोर-वेल्ह्याच्या पाण्याला ती भानगड नाही, स्वतःच्या मुळावर वेल चालेल. अडचण पावसाची आहे. तोरणा-राजगडाच्या बाजूला तर चार महिने पानं ओलीच, म्हणजे डाऊनीला आमंत्रण. तेव्हा वेल पागोळ्यांपासून लांब, पूर्वेच्या उन्हात लावायची आणि पहिली दोन वर्षं फळाचं नाव काढायचं नाही.