किरायाचे घर: रो-हाऊस की फ्लॅट, आणि आडनावाचा प्रश्न

दरवर्षी जून महिना जवळ आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. कुणाची बदली बुलढाण्याला झालेली असते, कुणाच्या मुलीला चिखलीत किंवा खामगावात नोकरी लागलेली असते. खेड्यातून पहिल्यांदाच शहरात राहायला येणारी ही शिकलेली बौद्ध पोरंपोरी विचारतात, "किरायाने रो-हाऊस घ्यावं की अपार्टमेंटमधला फ्लॅट?"

वरवर पाहता प्रश्न सोपा आहे. ले-आऊटमधल्या रो-हाऊसला समोर वीतभर का होईना अंगण असते, नळ आपला, गाडी दारात. फ्लॅटला लिफ्ट असते, सामाईक बोअर असते, पण दर महिन्याला मेंटेनन्स द्यावा लागतो. येळगावच्या धरणाचे पाणी नळाला किती दिवसांनी येते यावर उन्हाळ्यातले अर्धे गणित ठरते. हे सगळे कुणीही सांगेल. पण आम्हाला विचारणाऱ्या पोरांना हे ऐकायचे नसते. त्यांना विचारायचे असते ते वेगळेच: "आडनाव सांगितल्यावर कुठे घर मिळेल?"

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको जिल्ह्यातल्या एका शहरात घर शोधत होतो. एक रो-हाऊस पसंत पडले. मालक शेजारच्याच भागात राहत होते, बोलायला मोठे गोड माणूस. किराया ठरला, डिपॉझिट ठरले, चहा झाला. करारासाठी आधार कार्डाची झेरॉक्स दिली. संध्याकाळी फोन आला, "सर, आईला विचारलं, तिचं जुनं वळण आहे. माझं काही नाही हो." मग एका अपार्टमेंटमधला फ्लॅट पाहिला. मालक दुसऱ्या शहरात, त्यांना फक्त वेळेवर पैसे हवे होते. दोन दिवसांनी त्यांचाही फोन आला, "मला काही प्रॉब्लेम नाही, पण बिल्डिंगमधले लोक नाही म्हणतात." शेवटी आम्ही आमच्या वस्तीत घर घेतले. तिथे कुणी काही विचारले नाही.

दोन्ही ठिकाणी नकार देणाऱ्याचे "स्वतःचे काही नव्हते". एकीकडे आई, दुसरीकडे बिल्डिंग. मित्रहो, हा शब्दप्रयोग नवा नाही. त्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तो माहीत असल्याशिवाय रो-हाऊस की फ्लॅट या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंडमधून शिकून आले आणि करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायचे कुठे, हा पहिला प्रश्न. हिंदू खानावळीत प्रवेश नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून, रोज दीड रुपया देऊन त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. त्या दिवशी बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, संस्थानचा अधिकारी, खिशात किरायाचे पैसे. तरी घर नाही. शिक्षण, नोकरी आणि पैसा या तिन्हींवर मात करून जात उरते ती घराच्या दारात. आणि नकार देणारा दुसऱ्याचे नाव पुढे करतो: नोकर, बायको, आई, सोसायटी. नकाराची जबाबदारी कुणाचीच नसते, म्हणून त्याचा जाबही कुणाला विचारता येत नाही.

मग बाबासाहेब मुंबईत कुठे राहिले? परळच्या पोयबावाडीत, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांत. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली हा ट्रस्ट स्थापन झाला होता. पुढे १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. तिथेही आमची माणसे मोठ्या संख्येने राहिली. त्या खोल्या लहान होत्या, संडास सामाईक होते, आणि जातीनुसार चाळी वाटल्या गेल्याच. १९७४ साली वरळीच्या चाळींत काय घडले हे आपल्याला माहीत आहे. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. या चाळींचा मालक एखादा शेठ नव्हता, सार्वजनिक संस्था होती. मालक सार्वजनिक असला की किरायेदाराला निदान अर्ज तरी करता येतो. दीर्घकाळ चाळीत राहिल्यानंतर १९३० च्या दशकात बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. स्वतःच्या घराचे मोल त्यांना ठाऊक होते, कारण दुसऱ्याच्या घरातून बाहेर काढले जाण्याची किंमत त्यांनी मोजली होती.

याच काळात सवर्ण मध्यमवर्गाने घराचा प्रश्न कसा सोडवला तेही पाहा. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची, देशातल्या सर्वांत जुन्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक. जातीचे नाव पाटीवरच आहे. आम्ही त्या लोकांना दोष देत नाही. महागड्या मुंबईत त्यांनाही घर हवे होते आणि एकत्र येऊन त्यांनी ते मिळवले. पण ज्याला आज आपण आधुनिक, शहरी, जातीपलीकडची राहणी समजतो, ती फ्लॅट-सोसायटी आपल्याकडे अशी जातीच्या मांडवाखाली वाढली. तेव्हा "फ्लॅटमध्ये कुणी जात विचारत नाही" हा भाबडेपणा सोडला पाहिजे. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य, असा त्याचा आधार. म्हणजे दार बंद करण्याचेही स्वातंत्र्य आले.

आणि रो-हाऊस? आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या गावात जा. पाटलाचा वाडा मध्यभागी, त्याच्या आजूबाजूला बाकीची घरे, आणि आपली वस्ती गावकुसाबाहेर. शहरातला ले-आऊट म्हणजे सरळ रस्त्यांचे गाव. मालक भिंतीपलीकडे राहतो. तुमच्या चुलीवर काय शिजते ते त्याच्या नाकाला कळते, दर्शनी खोलीत कुणाचा फोटो आहे ते येता-जाता दिसते, चौदा एप्रिलला तुमच्याकडे किती पाहुणे आले ते तो मोजतो. एक माणूस, एक मन. ते मन चांगले असेल तर रो-हाऊससारखे सुख नाही. असे मालक आम्ही पाहिले आहेत. पण ते वाईट निघाले तर दाद कुणाकडे मागणार?

इथे आमच्या विदर्भाचा एक विसरलेला इतिहास सांगितला पाहिजे. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. घरांच्या टंचाईमुळे त्या प्रांताने १९४६ साली घरे किरायाने देण्याबाबत कायदा केला आणि त्याखाली १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश निघाला. जिथे त्यातील जागावाटपाचे प्रकरण लागू होते, तिथे घर रिकामे झाले की मालकाने सरकारला कळवायचे आणि जिल्ह्याचा अधिकारी ते घर सरकारी नोकराला, विस्थापिताला किंवा घरातून काढल्या गेलेल्या माणसाला द्यायला सांगू शकत असे. किरायेदाराला काढण्याची नोटीस द्यायलाही रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. हा आदेश जातीसाठी नव्हता. पण त्यात एक तत्त्व होते: किरायाचे घर ही फक्त मालकाच्या मर्जीची गोष्ट नाही, समाजाचाही त्यावर शब्द चालतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ही व्यवस्था रद्द झाली. मालकाची निवड पुन्हा मालकाकडे गेली.

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. १९३० साली गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडली. तिच्यात बहिष्काराची व्याख्या आहे, ती १९२२ च्या ब्रह्मदेशच्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतलेली. बहिष्कार कशाला म्हणायचे? तर घर किंवा जमीन किरायाने द्यायला नकार देणे, हा त्यातला अगदी पहिला प्रकार. १९४२ च्या जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची परिषद झाली, तिने स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी बहिष्काराची तीच व्याख्या पुन्हा मांडली. सतरा वर्षे त्यांनी हा मुद्दा सोडला नाही.

संविधानात तो जसाच्या तसा आला नाही. कलम १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते आहेत. किरायाचे घर नाव घेऊन नाही. पण नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ विचारला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक अर्थाने सांगितला: जो कुणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, तो त्यात आला. आमचा सवाल असा: ज्याने दारावर 'किरायाने देणे आहे' अशी पाटी लावली, त्याने सेवा देऊ केली नाही का? पाटी सगळ्यांसाठी आणि चावी काहींसाठी, हे कसे चालेल?

"घर माझे, मर्जी माझी" असे मालक म्हणतात. ज्या घरात आपण राहतो तिथे कुणाला पाहुणा म्हणून बोलवायचे, ही मर्जी नक्कीच तुमची. पण जे घर तुम्ही बाजारात मांडले, ज्याचा किराया कमावता, ते धंद्यात आले. धंद्यात जात आणली की त्याला मर्जी म्हणत नाहीत. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास वा त्यात राहण्यास अडथळा करणे हा गुन्हा सांगितला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून सामाजिक व आर्थिक बहिष्काराचे कलम लागू आहे. कायदे आहेत. पण "आईला विचारलं" या वाक्यावर एफआयआर होत नाही, हे आम्ही जाणतो.

मग उत्तर काय? आमचा सल्ला स्पष्ट आहे. नवख्या, एकट्या माणसाने, विशेषतः मुलींनी, शक्य असेल तर फ्लॅटला पहिली पसंती द्यावी. तिथे जात नाही म्हणून नव्हे. तिथे निदान कागद असतो. सोसायटी असेल तर उपविधी, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची इमारत असेल तर घोषणापत्र. "बिल्डिंगमधले लोक नाही म्हणतात" असे ऐकले की "कोणत्या ठरावाने? लेखी द्या" असे म्हणता येते. तोंडी नकाराची हिंमत लेखीत उतरत नाही. रो-हाऊस घ्यायचे तर मालक पारखून घ्या आणि करार नोंदवल्याशिवाय सामान हलवू नका. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या भागात करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवला नसेल तर अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे कलम ५५ पाठ करून ठेवा. आणि आडनाव लपवू नका. बडोद्याला खोट्या नावाने मिळालेले छप्पर अकरा दिवस टिकले.

शेवटी एक कडू गोष्ट आपल्याच लोकांसाठी. आता आपल्यातल्या काहींची ले-आऊटमध्ये दुमजली घरे झाली आहेत, खालचा मजला किरायाने जातो. तिथे मातंग समाजाचे कुटुंब आले, मुस्लिम शिक्षक आला, पारधी समाजातली नर्स आली, तर आपण काय करतो? "आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना..." हे वाक्य आपल्याही ओठांवर येते का? येत असेल, तर बडोद्याच्या त्या दोन मित्रांत आणि आपल्यात फरक उरला नाही.

ज्याच्या हातात चावी आहे, त्याच्यावर जबाबदारी आहे. आपल्या हातात चावी आली असेल तर पुढच्या जूनमध्ये दारावर येणाऱ्या पोराला एवढेच विचारा: किती जण राहणार, आणि सामान कधी आणता?

जय भीम.