कुलाब्यातील रेणवीय जीवशास्त्राची विद्यार्थी परंपरा

होमी भाभा यांनी 1945 साली स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरुवातीला प्रामुख्याने गणित आणि भौतिकशास्त्रासाठी ओळखली जात होती. रेणवीय जीवशास्त्र तिथे 1962 मध्ये आले. ग्लासगोला गिडो पाँटेकोर्वो यांच्याकडे बुरशीच्या आनुवंशिकतेवर पीएच.डी. केलेले ओबेद सिद्दिकी तेव्हा अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्यासह जीवाणूंवर काम करत होते. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी त्यांचे नाव भाभांना सुचवले आणि मुंबईत, संस्थेच्या कुलाब्यातील आवारात, नव्या विभागाची उभारणी सुरू झाली.

पहिल्या दशकात सिद्दिकींचे लक्ष ई. कोलाय जीवाणूंमधील डीएनएच्या देवाणघेवाणीवर होते. पुढे कॅलिफोर्नियात सेमूर बेन्झर यांच्यासोबत ते फळमाशीकडे वळले. तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या आणि थंडाव्यात पुन्हा हालचाल करणाऱ्या उत्परिवर्ती माश्यांवरचा त्यांचा निबंध 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकात बदल घडवून मज्जासंस्थेचे कार्य उलगडण्याची ही वाट त्यांनी मुंबईतील विद्यार्थ्यांसाठी खुली केली.

या वाटेवर जीवशास्त्राचे पदवीधरच आले असे नाही. के. विजयराघवन आयआयटी कानपूरचे केमिकल इंजिनीअर होते. त्यांनी इथे 1983 मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. व्हेरोनिका रॉड्रिग्ज मूळच्या गोवेकर कुटुंबातील. जन्म केनियात, पदवी डब्लिनची. सिद्दिकींचे काम वाचून त्यांनी त्यांना पत्र लिहिले आणि संशोधनासाठी मुंबई गाठली.

रॉड्रिग्ज यांच्या प्रबंधाचा विषय होता माशीची चव आणि गंध. वाय-आकाराच्या नळीत माश्या सोडायच्या, एका फाट्यात वास ठेवायचा आणि कोणत्या माश्या वेगळ्या वागतात ते पाहायचे. अशा चाचण्यांतून निवडलेल्या माश्यांच्या संकरातून सदोष जनुकाची गुणसूत्रावरील जागा शोधली जाई. ग्लुकोजसारख्या शर्करा ओळखणारी यंत्रणा बिघडलेल्या माशीवरचा त्यांचा निबंध 1981 मध्ये आला. नंतर जर्मनीतील ट्युबिंगेन इथे त्यांनी एरिख बुखनर यांच्यासोबत, किरणोत्सारी शर्करेच्या साहाय्याने, गंधामुळे मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो याचा नकाशा तयार केला.

त्या परत कुलाब्याला आल्या, पुढे जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि गंधाची चेतातंतू-जोडणी कशी घडते हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला. संशोधन आणि अध्यापन यांची ही सांगड वर्गापुरती नव्हती. 1970 च्या दशकात महाबळेश्वरला सुरू झालेल्या चर्चासत्रांत तरुण विद्यार्थी जगभरच्या शास्त्रज्ञांशी थेट वाद घालत. सिद्दिकींच्या पुढाकाराने 1990 च्या दशकाच्या प्रारंभी बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले; विजयराघवन पुढे त्याचे संचालक झाले.

रॉड्रिग्ज 2010 मध्ये आणि सिद्दिकी 2013 मध्ये निवर्तले. भारतात चेतासंस्थेच्या आनुवंशिकतेचा अभ्यास रुजला, तो पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून खरा, अनुत्तरित प्रश्न सोपवणाऱ्या या परंपरेमुळे.