वाडी आणि हिंजवडी

दिवाळीच्या आधी पुण्याहून निघालेल्या गाड्या हिंगोलीच्या वाटेला लागल्या की पुसेगावात दोन प्रश्न फिरू लागतात. मुलाला पगार किती, हा एक. आणि मुलगा इतका वाळला कसा, हा दुसरा. पहिला ओट्यावर मोठ्याने विचारतात, दुसरा चुलीपाशी हळू आवाजात. मोठ्या संगणक-कंपनीत नोकरी करावी की करू नये, हा वाद आमच्याकडे संगणकाबरोबरच आला, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु महाराष्ट्रात हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो सुरू झाला तो नांगरापाशी.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर १८६९ साली जन्मले. मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंग ओळखण्यात डोळा कमी पडला, म्हणून यंत्रांची रेखाटने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. नियमित पगार, मोठी संस्था, आणि हाताळायला यंत्रे. नोकरीचा हा लाभ थोडा नव्हे. एकट्यादुकट्याला जन्मात विकत घेता येणार नाहीत अशी यंत्रे दुसऱ्याच्या पैशाने शिकून होतात. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावास येऊन भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलच्या दुकानात लक्ष घातले. जे शिकले होते ते मात्र संस्थेला परत करावे लागले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असे तेव्हा शेतकरी मानत. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ आणि दहा हजार रुपये कर्जाऊ, एवढ्या भांडवलावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या वेळी आमचे पुसेगाव निजामाच्या राज्यात लाकडी नांगर ओढत होते.

वाडीत कारखान्याबरोबर घरे झाली, शाळा झाली, दवाखाना झाला. शिवाशीव पाळायची नाही, असा तिथला दंडक होता. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी रात्रीची राखण सोपवली, आणि त्यांनी ती चोख केली. खेड्यातून आलेल्या माणसाला तिथे हातात कसब आले, अंगावर धड कपडा आला. १९२० पासून तर वाडीतून मासिकही निघू लागले. ते पुढे ‘किर्लोस्कर’ म्हणून घराघरांत गेले. आमच्या आज्यांनी वाचनाची गोडी लावून घेतली ती अशाच मासिकांतून. मग वाईट ते काय? वाईट एवढेच, की घर, दवाखाना आणि भाकरी या सगळ्यांचा मालक एकच. नोकरी सुटली की छप्परही सुटायचे. मालक लक्ष्मणरावांसारखा असला तर हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण सगळेच मालक तसे निघत नाहीत.

काही बाबतीत मोठ्या कंपनीलाही नोकरदार माणसाने सुधारले आहे. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोने अभियंते हवेत अशी जाहिरात दिली, आणि स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे त्यात छापले. सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीने जे. आर. डी. टाटांना चक्क एक पोस्टकार्ड टाकले. मुलाखतीचे बोलावणे आले, नोकरी मिळाली, आणि त्या कारखान्यात बाई अभियंता म्हणून उभी राहिली. एका पोस्टकार्डाने एवढे काम क्वचितच केले असेल.

याच सुधाबाई पुढे मूर्ती झाल्या. १९८१ साली त्यांचे पती नारायण मूर्ती आणि सहा सहकारी पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्सच्या नोकरीतून बाहेर पडले, आणि सुधाबाईंनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. पुन्हा दहा हजारच! दोन्ही रकमांच्या मोलात जमीन-अस्मानाचे अंतर होते, हे शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी मला सांगायला नको. पण दोन्हीकडे गोष्ट एकच: मोठ्या जागी शिकलेली माणसे नोकरी सोडून निघाली आणि स्वतः मोठ्या जागेचे धनी झाली. पुढे इन्फोसिसने आपल्या नोकरांना कंपनीचे भागही दिले. ही गोष्ट वाडीच्या काळात सुचण्यासारखी नव्हती, आणि तिने अनेक मध्यमवर्गीय घरांचे दैव पालटले.

नोकरी सोडून आलेला माणूस धनी झाला की त्याला नोकराचे घड्याळ वेगळे दिसू लागते. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. २०२३ च्या ऑक्टोबरात मूर्तींनी तरुणांना सुचवले, की देशासाठी आठवड्याला ७० तास काम करावे. स्वतःच्या धंद्यात रात्रंदिवस राबलेल्या माणसाला तसे वाटणे साहजिक आहे. पण त्यांचे तास त्यांच्या मालकीच्या कंपनीत जात होते. आमच्या गावचा मुलगा राबतो तो परक्या देशातल्या बँकेच्या हिशोबाचा एक तुकडा जुळवत, आणि उरलेला हिशोब त्याला कधी दिसतही नाही. वाडीचा कामगार निदान संध्याकाळी अख्खा नांगर बाहेर पडताना पाहत असे.

घराचे म्हणाल तर हिंजवडीची कंपनी घर देत नाही. घर बँक देते, वीस वर्षांच्या हप्त्यांवर. म्हणजे नोकरी गेली तर छप्पर लगेच जात नाही. हप्ता मात्र राहतो. नोकरी जाईल ही कल्पना फार दिवस कुणी केली नव्हती. टाटा कन्सल्टन्सी १९६८ साली निघाली, तिथे एकदा चिकटलेला माणूस निवृत्त होऊनच निघतो, असे आमच्याकडे सोयरीक जुळवताना बेलाशक सांगत. २०२५ च्या जुलैत त्याच कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. गावात तेव्हा सोयाबीनची कोळपणी चालू होती. बापांनी कोळपे थांबवून बांधावरून पुण्याला फोन लावले. मुले कामात होती. त्यांची उत्तरे रात्री आली.