दुष्काळाचे रकाने

सोलापूरच्या काळ्या रानाचे वर्ष परतीच्या पावसावर ठरते. भाद्रपद-आश्विनात तो झाला तर शाळू पेरला जातो, माणसाला ज्वारी मिळते आणि जनावराला कडबा. 1876 साली खरीप हातचे गेले होतेच, त्यावर परतीच्या पावसानेही पाठ फिरवली. पुढच्या दोन वर्षांत या जिल्ह्यावर जे ओढवले, त्याबद्दल एक समजूत रूढ आहे : राज्य दूरचे, राज्यकर्ते सातासमुद्रापार, इथली हाक तिथवर पोचायला उशीर झाला. ही समजूत मला पटत नाही. सोलापुरात रेल्वे 1860 मध्येच आली होती. मुंबई ते लंडन समुद्राखालची तार 1870 पासून सुरू होती. मामलेदाराचा कागद कलेक्टर कचेरीत, तिथून मुंबई सरकारकडे, मुंबईहून हिंदुस्थान सरकारकडे आणि तिथून लंडनला भारतमंत्र्यांकडे, अशी साखळी होती, आणि ती चालू होती. हाक पोचत होती. मात्र त्या कागदांत जे प्रश्न विचारलेले होते, त्यांत मेलेल्या आणि मरणाऱ्या माणसाला जागाच नव्हती.

वर जाणाऱ्या अहवालांत मुख्यतः तीन गोष्टी असत : धान्याचा भाव, दुष्काळी कामावरच्या मजुरांची संख्या आणि झालेला खर्च. पाऊस-पिकाचे दोन शब्द वेगळे. तिन्ही आकडे तिजोरीच्या नजरेने घेतलेले आहेत. त्यामुळे एकच आकडा खाली एक अर्थ सांगे आणि वर दुसरा. खडी फोडायला, तलावाची माती वाहायला माणसे वाढली की गावच्या कुलकर्ण्याला कळे, घरातले दाणे संपले. तोच वाढता आकडा कलकत्त्याला पोचला की त्यातून ढिलाईचा संशय निघे : गरज नसलेले लोक सरकारी मजुरीवर बसले असावेत. जानेवारी 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाच्या पाहणीसाठी पाठवताना हिंदुस्थान सरकारने जे सूचनापत्र दिले, त्यात खर्चाचा विचार न करता जीव वाचवणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे स्पष्ट म्हटले होते. त्याच महिन्याच्या मध्यास मुंबई इलाख्यात मुलकी अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या दुष्काळी कामांवर काटकसरीसाठी मजुरी उतरली. आधी पुरुषाला एक पौंड, म्हणजे सुमारे अर्धा शेर धान्याची किंमत आणि वर एक आणा मिळे. आता वरचा आणा अर्धा झाला. सगळा दिवस दगड फोडणाऱ्याच्या हातून गेलेला हा अर्धा आणा आहे, हे ध्यानात ठेवून पुढचा पत्रव्यवहार वाचावा. कमी मजुरीला आणि लांबच्या कामावर जाण्याला नकार देऊन दख्खनच्या जिल्ह्यांत हजारो मजूर कामे सोडून निघाले. वरच्या टिपणांत त्याचा अर्थ लागला तो असा, की त्यांना मदतीची गरजच नव्हती. संख्या वाढली तर ढिलाई आणि घटली तर सुबत्ता, अशी वाचायची रीत एकदा ठरली की कोणताही आकडा उपासमारीची साक्ष देऊ शकत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. तिजोरी खरोखरच अडचणीत होती. चांदी उतरत होती, रुपया घसरत होता, आणि विलायतेची देणी सोन्यात भागवावी लागत. शिवाय 1874 साली बिहारात याच टेंपल यांनी ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून माणसे वाचवली होती, आणि साडेसहा कोटींच्या आसपास खर्च झाला म्हणून त्यांच्यावर सडकून टीका झाली होती. अडचण मान्य करू. पण पैसा अपुरा असेल तेव्हाच कुठे किती माणसे मरताहेत हे कळणे सर्वांत निकडीचे, आणि नेमका तोच प्रश्न ठरावीक अहवालात नव्हता. बिहारने दुसरेही दाखवले होते : सरकारला जीव वाचवता येतात. त्या अनुभवातून वरच्या कचेऱ्यांनी खर्चाची भीती तेवढी उचलली. आणखी एक गोष्ट मुंबई सरकारच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. गव्हर्नर सर फिलिप वुडहाउस यांच्या कारभाराने मोठी सार्वजनिक कामे काढण्याचा आग्रह धरला, आणि मद्रास इलाख्याइतका हाहाकार इथे झाला नाही. जागेवरचे अनेक अधिकारी कळवळ्याने राबले. यावरून माझेच म्हणणे दृढ होते : दोष माणसांच्या काळजापेक्षा कागदाच्या घडणीत जास्त होता.

दुसरे प्रश्न विचारता येत होते, हे पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याच काळात दाखवले. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांच्या सभेने सरकारला सरकारच्याच भाषेत आणि नमुन्यात पत्रे लिहिली. गावोगावची माहिती गोळा करून कमी मजुरीत पोट भरत नाही हे मांडले. मद्रासेत डॉ. कॉर्निश हे सरकारी डॉक्टर असूनही तेच सांगत होते : तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त अन्न मिळते. म्हणजे माहिती उपलब्ध होती, मांडायची भाषाही होती. 1880 चा दुष्काळ आयोग आणि त्यानंतरची दुष्काळ संहिता ही या वादांची फळे आहेत, आणि ती मोलाची आहेत. पण ती आली तेव्हा सोलापूरचा दुष्काळ सरला होता.

हानीचा अंदाज शेवटी खानेसुमारीनेच दिला. 1872 मध्ये जिल्ह्यात सुमारे 7 लाख 19 हजार माणसे होती. 1881 मध्ये 5 लाख 82 हजार. ही सारी घट मृत्यूंची नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. कित्येक कुटुंबे गुरेढोरे घेऊन निजामाच्या मुलखात गेली, काही मागाहून परतली. 1891 मध्ये संख्या साडेसात लाखांवर होती. परंतु सव्वा लाखाहून मोठ्या त्या घटीत गेलेले किती आणि मेलेले किती, हे आज वेगळे काढता येत नाही. ते ज्या आठवड्यांत मोजता आले असते, त्या आठवड्यांचे अहवाल वेळच्या वेळी पोचले होते, आणि त्यांत ज्वारीचा भाव बारकाईने लिहिला जात होता.