मिठाच्या पाण्यातून निघालेला करंट

उरणच्या द्रोणागिरी परिसरात पाण्याला ओढ असते आणि तारेला करंट. खाडीत जाळं टाकणारा आधी ओढ बघतो. वायरमन टेस्टर टेकवतो आणि म्हणतो, ‘करंट आहे.’ शब्द दोन, म्हणून गोष्टीही दोन वाटतात. पण करंट हा शब्द मुळात पाण्याचाच. लॅटिनमधल्या ‘धावणे’ या अर्थाच्या क्रियापदातून तो निघाला, नदीच्या आणि समुद्राच्या ओढीला लागला आणि मग तारेत शिरला. आपल्या आठवीच्या पुस्तकातल्या ‘धाराविद्युत’मधली धारासुद्धा पाण्याकडूनच घेतलेली.

१८०० पूर्वी विजेला धारा नव्हती. होती ती ठिणगी. काच रेशमाने घासली, साठवलेला भार बोटाला चटका देऊन गेला, खेळ संपला. सलग वाहणारी वीज पहिल्यांदा इटलीतल्या आलेस्सांद्रो व्होल्टा यांना मिळाली. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, मग पुन्हा चांदी. अशी त्यांनी उतरंड रचली. २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून त्यांनी हे कळवलं. वीज थांबत नव्हती, हेच त्यातलं मोठं नवल.

मिठागरांच्या उरणने मिठाच्या पाण्याचा हा तपशील आवर्जून लक्षात ठेवावा. करंटचा जन्म खाऱ्या पाण्यात झाला. मीठ विरघळलं की त्याचे विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, मोकळे होतात आणि सरकू लागतात. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, ते बाहेरच्या तारेतून दुसऱ्या धातूकडे जातात, आणि आतल्या पाण्यात आयन सरकून फेरा पूर्ण करतात. हा फेरा कुठेही तुटला की सगळंच थांबतं. बटण बंद करतो तेव्हा आपण हाच फेरा तोडतो. पाण्याचा नळ फुटला तर पाणी सांडतं. तुटलेल्या तारेतून वीज तशी गळत राहत नाही, कारण तिला परतीची वाट लागते. मात्र ओल्या जमिनीवर उभ्या माणसाने ती तार धरली, तर त्याच्या अंगातूनच तिला ती वाट मिळते. आपलं रक्तही खारटच.

‘करंट’ हे नाव पक्कं केलं ते फ्रान्सच्या आंद्रे-मारी अँपिअर यांनी, १८२० मध्ये. विजेचा ताण, म्हणजे दाब, वेगळा आणि तिचं वाहणं वेगळं, असा स्पष्ट भेद त्यांनी केला. पुढे १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत प्रवाहाच्या एककाला त्यांचंच नाव मिळालं. पण वाहतं आहे ते नेमकं काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. धनाकडून ऋणाकडे काहीतरी जातं असं धरून बाण काढले गेले. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला, तो निघाला ऋणभारित. म्हणजे तारेतले कण बाणाच्या उलट दिशेने चालतात. आकृत्यांतले बाण आजही जुनेच आहेत. गणित बिघडत नाही म्हणून ते कुणी बदलले नाहीत. मुलं इथे गोंधळतात, त्यात त्यांची काहीच चूक नाही. त्यांना हा इतिहास सांगायला हवा.

दुसरा गोंधळ वेगाचा. बटण दाबताच दिवा लागतो, म्हणून इलेक्ट्रॉन विजेच्या वेगाने धावत येत असतील असं वाटतं. प्रत्यक्षात एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर करंट वाहत असेल, तर इलेक्ट्रॉन तासाभरात जेमतेम २६ सेंटिमीटर सरकतात. तार मुळातच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते. वेगाने पोचतो तो ढकलण्याचा जोर. करंजा खाडीच्या तोंडाशी भरती लागली की आत पाणी चढतं. ते सगळं समुद्रातून नुकतं आलेलं नसतं, बरंचसं तिथलंच, मागून रेटलेलं असतं. घरातली वीज तर खरीच भरती-ओहोटी आहे. ती सेकंदाला ५० वेळा पुढे जाऊन मागे येते. त्याच तारेत, तेवढ्याच करंटला, या हेलकाव्यात इलेक्ट्रॉन मिलिमीटरचा हजारावा भागही ओलांडत नाही.

उरण तालुक्यातल्या बोकडवीऱ्याच्या वायू विद्युत केंद्रात १९८२ पासून हाच जोर तयार होतो. मुंबई हायच्या गॅसवर टर्बाइन फिरतं, चुंबक आणि तांब्याची वेटोळी एकमेकांसमोरून सरकतात आणि तारेतले इलेक्ट्रॉन झुलू लागतात. फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व तेच.

आणि तरी त्याच उरण तालुक्यातलं घारापुरी बेट दिव्याखालच्या अंधारात राहिलं. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदरची माणसं संध्याकाळच्या काही तासांच्या जनरेटरवर दिवस काढत होती. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून २२ फेब्रुवारी २०१८ रोजी तिथे कायमची वीज पोचली. व्होल्टांना करंट मिळवायला खारं पाणी लागलं. इथे त्याच खाऱ्या पाण्यापासून करंट जपायला तारेवर जाड आवरण चढवावं लागलं. केबलमध्ये दाब २२,००० व्होल्टचा. दाब शंभरपट वाढवला की तेवढीच शक्ती नेण्यासाठी करंट शंभरावा भाग पुरतो, आणि तार तापून वाया जाणारी वीज दहा हजारावा भाग उरते.

हे सगळं स्वतः बघायला घरातल्या सॉकेटशी खेळण्याची गरज नाही. पाच पेले खाडीचं पाणी घ्या. प्रत्येकात तांब्याची सोललेली तार आणि जस्ताचा मुलामा असलेला खिळा सोडा. एका पेल्यातलं तांबं पुढच्या पेल्यातल्या खिळ्याला, अशी ओळ जोडत जा. पहिला खिळा आणि शेवटचं तांबं यांच्यामध्ये छोटा लाल एलईडी लावा. नाही लागला तर त्याचे पाय उलटे जोडा. खोलीत अंधार करा आणि मुलांना जवळ बोलवा.